सातऱ्यावरचं विज्ञान

भिवापूर, फेब्रुवारी. भाच्याची सातवीची परीक्षा जवळ आली आहे. पुस्तकातले धडे वेगवेगळे; इथल्या मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या-खुडायच्या जागेवर, मात्र सगळे एकाच ढिगात पडलेले.

बाया नाकाला पदर बांधून देठं खुडत होत्या. मी एक मिरची उभी चिरून त्याला दाखवली. आत पांढुरकी शीर, तिला चिकटलेल्या बिया. तिखटपणा बियांत असतो असं घरोघरी सांगतात. खरं तर तो त्या शिरेत तयार होतो. बियांना नुसता लागतो, आणि बदनाम मात्र त्याच.

त्या द्रव्याचं नाव कॅप्सायसिन. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. म्हणून ठेचा लागला की तांब्याभर पाणी पिऊन काही होत नाही, दही खावं. सावजीच्या रश्श्यावरची लाल तर्री हाच धडा आहे, पण परीक्षेत तो विचारत नाहीत!

मग पोरानं विचारलं, ‘मामा, जीभ खरंच भाजते का?’ नाही. साधारण 43 अंशांपुढची उष्णता ओळखणारा जो ग्राही जिभेवर असतो, त्यालाच कॅप्सायसिन चेतवतं, आणि मेंदूला चटका बसल्याचा निरोप जातो. हा ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 साली नोबेल मिळालं. पक्ष्यांच्या ग्राहीवर कॅप्सायसिनचा परिणाम होत नाही, त्यामुळे ते मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूरवर टाकून येतात.

बाष्पीभवन राहिलंच. ते उद्या, वाळवण उलथताना.