कातडी सीट आणि दोन हाडं

नवी कातडी सीट घेतली की पहिला सल्ला मिळतो तो सोसण्याचा. "हजार किलोमीटर दुखणारच, मग ती तुझी होईल," असं जुने सायकलस्वार छातीठोकपणे सांगतात. सायकल माणसाच्या मापाला बसवून देणं हे माझं काम, आणि या सल्ल्यापायी हकनाक हाल सोसलेले लोक माझ्याकडे सतत येतात. कातडं मुरायला वेळ लागतो हे खरं. पण सुरुवातीला जे दुखतं, त्यातलं बरंचसं कातड्यामुळे नसतंच. माप चुकलेलं असतं, नाहीतर कोन.

जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ मध्ये बर्मिंगहॅमला कातडी सामानाचा धंदा सुरू केला आणि १८८२ मध्ये सायकलच्या सीटचं पेटंट घेतलं. त्यांच्या कंपनीची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली 'बी-१७' आजही बनते. तिच्यात फोम नाही, गादी नाही. पाचेक मिलिमीटर जाडीचं गाईचं कातडं पुढचं टोक आणि मागची लोखंडी कमान यांच्यात ताणून रिव्हेटनी ठोकलेलं असतं. ते झाडांच्या सालींतल्या टॅनिननं कमावलेलं असतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची कोल्हापुरी चप्पल जशी घालणाऱ्याच्या पावलाचा ठसा घेते, तसं हेही ऊब, घाम आणि वजन यांनी हळूहळू वाकतं आणि तो आकार धरून ठेवतं.

पण ठसा योग्य जागी पडायला हवा. बसताना आपला भार ओटीपोटाखालच्या दोन हाडांवर येतो. त्यांचं अंतर घरीच मोजता येतं. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, त्यावर बसून थोडं पुढे वाका आणि टाचा उचला. पुठ्ठ्यावर उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. बहुतेकांचं माप दहा ते चौदा सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. बी-१७ सर्वांत रुंद भागात साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास असते, पण तिच्या कडेखाली लोखंड आहे. हाडं कडेवर किंवा रिव्हेटवर आली, तर जन्मभर चालवूनही ती सीट मऊ होणार नाही.

मग कोन. गादीची सीट आडव्या पातळीत लावतात, म्हणून दुकानदार कातडीही तशीच लावून देतात. बसल्यावर मात्र कातडं मधे दबतं, माणूस पुढे घसरतो आणि स्वतःला मागे ढकलत राहतो. तळहात बधिर होतात, खांदे भरून येतात, आणि दोष हँडलला दिला जातो. टोक एक-दोन अंश वर घ्या. तेवढ्यानंच चेहरा बदललेली माणसं मी पाहिली आहेत. जुन्या पद्धतीच्या दातेरी क्लॅम्पवर इतका बारीक फरक जमत नाही. दोन बोल्टचा सीटपोस्ट घ्यावा. या सीटच्या दांड्या आखूड असल्यानं ती फार मागे सरकत नाही, त्यामुळे उंच माणसाला मागे वळलेला सीटपोस्ट लागू शकतो.

त्या दोन हाडांपाशी बोथट ठणका लागला तर काळजी नको, आठवड्या-दोन आठवड्यांत तो ओसरतो. पण जांघांच्या मधल्या भागात बधिरपणा आला तर लगेच थांबा. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबत आहेत. टोक फार वर गेलं असेल किंवा सीट उंच झाली असेल. तो बधिरपणा सोसण्यात काहीही मर्दुमकी नाही.

खोक्यात एक पाना येतो. पुढचा नट त्यानं आवळता येतो, आणि नव्या सीटवर हौसेनं तो फिरवणारे खूप. त्याला हात लावू नका. पुष्कळ वापरानंतर कातडं लोंबलं, तरच पाव फेरा. जास्त आवळलं तर कातडं रिव्हेटपाशी फाटतं. लवकर मऊ व्हावी म्हणून खोबरेल चोपडण्यालाही माझा सक्त विरोध आहे. तेलानं कातडं ढिलं पडतं आणि एकदा ढिलं पडलेलं पुन्हा ताठ होत नाही. मेणाचं खास मलम वरून पातळ लावा, एकदा खालूनही. पावसाळ्यात वरून पिशवी घालणारे लोक खालची बाजू विसरतात, आणि चाकानं उडवलेलं पाणी तिथेच मुरतं. मडगार्ड हवंच. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात नको.

इतकं करूनही काहींना ती जमत नाही. शर्यतीच्या सायकलीवर हँडल सीटच्या बरंच खाली असेल, तर माणूस हाडांच्या पुढच्या भागावर बसतो, आणि बी-१७सारखी रुंद सीट मांड्यांना घासते. अशांना मी स्पष्ट सांगतो: हँडल सीटच्या पातळीला आणायची तयारी असेल तर ठेवा, नाहीतर कातड्यावर ठसा उमटण्याआधी विकून टाका.