कागल येथील चार दिवस

कोल्हापूर सोडून बंगळूरच्या महामार्गानें दक्षिणेकडे निघालें म्हणजे गोकुळ शिरगांवचे कारखाने मागें पडतात आणि थोड्याच वेळांत कागल येतें. आणखी पुढें गेलें कीं महाराष्ट्राची हद्द संपून कर्नाटकाची लागते. घाटगे घराण्याच्या जहागिरीचें हें ठिकाण. 1874 सालीं जन्मलेले यशवंतराव घाटगे 1884 सालीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपति झाले, ते याच घराण्याचे. गांवांत गैबी पिराचें स्थान आहे, आणि त्याला मानणाऱ्यांत हिंदु व मुसलमान दोघेहि आहेत. हें सर्व वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. आमचें या वेळचें जाणें मात्र गांव पाहण्याकरितां नव्हतें.

आमचे दादा जाऊन चार वर्षें झालीं. त्यांनीं 1986 सालीं घेतलेली ॲम्बॅसेडर मोटार कागलच्या घरीं अजून आहे. दत्तजयंतीस नरसोबाच्या वाडीस जावयाचें, हा थोरल्या वहिनींचा जुना नेम. तो दोन वर्षें चुकला होता. पुतण्या म्हणे, गाडी मागून बसली आहे, चार माणसें चढलीं कीं गतिरोधकावर पोट घासतें. वहिनी म्हणत, गाडीचें राहूं द्या, मलाच आतां इतका वेळ बसवत नाहीं. दोन्ही म्हणणीं खरीं होतीं, आणि दोहोंचें मूळ एकाच जागीं निघालें.

मार्गशीर्ष लागला होता. उसाचे दिवस. एस्. टी. च्या खिडकींतून पाहावें तों उसानें लादलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या आणि त्यांच्या मागें अडकलेले मालट्रक. अशा रस्त्याच्या कडेला 'कमान पाटा' अशी पाटी लावलेलीं दुकानें असतात. मोटारीच्या मागच्या आंसाला पोलादाच्या लांब-आखूड पट्ट्या एकीवर एक बसवून केलेली कमान बांधलेली असते. तिच्यांतील प्रत्येक पट्टीस हे लोक पाटा म्हणतात. सगळ्यांत लांब तो मुख्य पाटा. त्याचीं दोन्ही टोकें वळवून त्यांत रबरी बुश बसवितात. एक टोंक गाडीच्या सांगाड्यास पक्कें आणि दुसरें शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्यास, कारण ओझ्यानें कमान सपाट होतांना तिची लांबी वाढते.

शाळेंत तर्कसंग्रह शिकवितांना आम्ही दरवर्षीं एका जागीं थांबत असूं. अन्नंभट्टांनीं संस्कार हा गुण त्रिविध सांगितला आहे : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. अनुभवापासून उपजून स्मृतीस कारण होतो तो भावना. आणि वांकविलेल्या वस्तूस पूर्वस्थितीस आणतो तो स्थितिस्थापक. गुंडाळून ठेवलेली चटई उलगडून सोडली कीं ती आपोआप पुन्हा गुंडाळते, तो या संस्काराचा प्रताप. आठवण आणि चटई यांस एका शब्दाखालीं कां घातलें, असें एखादा चलाख मुलगा विचारी, आणि आम्ही कांहींतरी सांगून वेळ मारून नेत असूं. पुढें इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें 1678 सालीं याचें गणित मांडलें : जितका भार तितका वांक, परंतु मर्यादेच्या आंत. मर्यादा ओलांडली कीं वस्तु पुरती माघारी येत नाहीं. घोड्याच्या गाड्यांना लंबवर्तुळाकार कमानी बसविण्याची युक्ति ओबडाया एलियट यानें 1804 सालीं काढली. आमच्या टांग्यांच्या कमानी त्याच कुळांतल्या.

पुतण्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतींत कामाला आहे. हत्यारांवर त्याचा हात बसलेला. त्याचा बेत असा कीं, दोन्ही बाजूंस एकेक जादा पाटा घालावा म्हणजे गाडी उंच होईल. आम्ही म्हटलें, "अरे, आधीं मोजून तरी पाहूं." शिक्षकाची ही खोड. ओसरीपुढें फरशी सपाट आहे, तेथें गाडी रिकामी उभी केली. दोन्ही मागच्या चाकांत हवा सारखी भरली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत फूटपट्टी धरली, तों उजवी बाजू डावीहून दीड इंच खालीं ! पुढच्या बाजूचा दोष मागें दिसत असेल, म्हणून पुढें मधोमध एकच जॅक लावून तोंड जरासें उचललें; अशानें पुढच्या चाकांचा कल मागच्या बाजूवर येत नाहीं. तरी फरक तितकाच. तेव्हां दोष मागच्या कमानींतच होता.

येथें एक गोष्ट घरीं असलें काम काढणाऱ्यांस सांगितली पाहिजे. हातब्रेक मागच्या चाकांवर चालतो. तीं चाकें उचललीं कीं त्याचा उपयोग शून्य. पुढच्या चाकांस दोन्हीकडून उट्या लावल्यावांचून जॅकला हात लावूं नये. पुतण्यानें गाडीखालीं ठेवावयास सिमेंटचे दोन पोकळ ठोकळे आणले होते. ते पाहून आमच्या पोटांत गोळा आला. असला ठोकळा भाराखालीं न सांगतां फुटतो. आम्हीं हट्ट धरून कमानीच्या दुकानांतून लोखंडी घोड्या मागून आणविल्या. त्यांपायीं सकाळ गेली आणि पुतण्या थोडा रुसलाहि.

गाडी घोड्यांवर बसली, आंसाला निराळा जॅक लागला, आणि बॅटरी धरण्याचें काम आमच्याकडे आलें. उजवीकडचा रबरी ठोकळा आंसाचे ठोके खाऊन झिजला होता; मुख्य पाट्याखालचा पाटा मधल्या बोल्टाशीं तडकलेला. मग पुतण्या डावीकडे सरकला आणि बराच वेळ कांहीं बोलेना.

"काका, या बाजूला एक पाटा जास्त आहे. मागाहून घातलेला."

वहिनी ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, तो यांनींच घालून घेतला. माझी कंबर धरली होती ना, त्या वर्षीं. 'तुझ्या बाजूला गाडी टणक करून घेतली, आतां धक्का लागायचा नाहीं,' म्हणाले."

"मग लागेनासा झाला का ?"

"छे ! जास्तच लागूं लागला. पण इतक्या हौसेनें केलेलें, त्यांना कसें सांगायचें ?"

वहिनी नेहमीं मागें डावीकडेच बसतात. टणक तें आरामाचें, असा दादांसारखाच पुष्कळांचा समज असतो. पाटा वाढविला कीं कमान ताठ होते. ओझ्यानें ती कमी दबते हें खरें, परंतु रस्त्याचा प्रत्येक खड्डा बसणाऱ्याच्या पाठींत पोंचवते. आणि एकाच बाजूस वाढविला तर दुसरी बाजू बसल्यासारखी दिसते ती निराळीच.

संध्याकाळीं मेस्त्री आला. जुने पाटे तापवून उंच करतां येतील का, असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "गुर्जी, गरम करून कमान मारता येतीय, खरं पाणी नीट बसलं न्हाई तर चार म्हैन्यांत पाटा परत बसतोय." पोलादाला पाणी देण्याची विद्या घरच्या शेगडीवर होत नाहीं; कमानीला पिळावयाचा स्क्रूहि नसतो. घरीं मोजावें, गंज काढावा, बुश बदलावे, इतकेंच. मधला बोल्टसुद्धां घरीं सोडूं नये. दाबलेले पाटे उसळून हात मोडतो. कमानी दुकानांत गेल्या. मुख्य पाट्याखालचे पाटे जोडीनें नवे घातले, यू-बोल्ट नवे घेतले.

राहिला प्रश्न दादांच्या पाट्याचा. पुतण्याचें म्हणणें, दुसऱ्या बाजूसहि तसाच घालावा. गाडी उंच होईल आणि बाबांचें केलेलें राहील. आम्हांस निर्णय करवेना. वहिनींनीं वातींवरून मान न काढतां सांगितलें, "काढ तो."

चवथ्या दिवशीं कमानी चढल्या. शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून मगच आंवळले. अधांतरीं आंवळले असते तर रबर कायमचें पिळलेलें राहून लौकर फाटतें. फरक दीड इंचाचा पाव इंच उरला. गाडी डावीकडे पहिल्यापेक्षां खालींच आली आणि पांच माणसें बसलीं तर गतिरोधकावर अजूनहि टेकते. म्हणून दत्तजयंतीच्या आदल्या दिवशीं मोटारींतून तिघेंच गेलीं आणि आम्ही एस्. टी. नें. यू-बोल्ट शंभर किलोमीटरांनंतर पुन्हा आंवळावयाचे, म्हणून पुतण्यानें पाना बरोबर घेतला होता.

वाडीच्या घाटावर वहिनी आमच्या आधीं पोंचून पायरीवर बसल्या होत्या. कंबर कशी आहे, असें विचारल्यावर म्हणाल्या, "उदगांवपर्यंत लक्षांतच आलें नाहीं." मग थोड्या वेळानें म्हणाल्या, "तो काढलेला पाटा भंगारांत घालूं नका हो."

पाटा ओसरीच्या कोपऱ्यांत उभा आहे. असल्या पोलादाचे लोहार कोयते करतात. आमच्या घरीं मात्र त्याची विळी करावयाची ठरली आहे, आणि ती किती लांब असावी यावर दोन सुनांचें अद्याप एकमत नाहीं.