चढ परतीचा

मार्गशीर्ष, रविवार. बीदरमध्ये सायकलवरून शिखर शोधायला निघालं तर ते सापडत नाही, कारण शहरच पठाराच्या माथ्यावर वसलंय, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या वर. इथं आधी उतरायचं आणि दम लागतो तो घरी परतताना.

आज अष्टूरच्या बाजूनं उतरलो. बहमनी सुलतानांचे घुमट मागे पडले, सायकल लावली आणि कडेकडेनं पायी निघालो. वर तांबडा जांभा, त्याखाली काळा पाषाण. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, खालच्या कठीण थरावर अडतं आणि उतारावर झरा होऊन फुटतं. नानक झिरा, पापनाश, नरसिंह झरणी: देव पाण्यापाशीच येऊन बसले आहेत. नौबादचा पंधराव्या शतकातला करेझ, म्हणजे पाणी वाहून नेणारं भुयार, खोदणाऱ्यांना हा खडक किती नेमका कळला होता! बीदरचा किल्ला बांधणाऱ्यांइतकाच मान मी त्यांना देतो. म्हणून माथ्यावर नवे प्लॉट पाडलेले दिसले की जीव तुटतो. वरची जमीन सिमेंटनं बुजवली तर झऱ्याला पाणी मिळणार कुठून?

खरी डोंगररांग हवी तर कलबुर्गी जिल्ह्यात चिंचोळी गाठावी. गोट्टमगुट्टा, चंद्रमपल्लीचं धरण, भोवती कोरड्या मुलखातलं दाट जंगल. ते 2011 मध्ये अभयारण्य झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. तिथं सायकल खालीच ठेवायची, वनखात्याला विचारायचं आणि पायी चढायचं. उन्हाळ्याआधी जायचंच.