बोईसरवाली



गेल्या दिवाळीनंतर सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. वय ब्याऐंशी. एक दीर पुण्यात, दुसरे कॅनडात, नणंद सुरतेला. घरात आम्ही दोघं, आणि माझेही गुडघे आता कुरकुरतात. पालघरमध्ये दिवसभराची बाई शोधायला महिना गेला. मिळाली ती बोईसरची, मूळची गोरखपूरकडची. नवरा तारापूर एमआयडीसीत.

सोसायटीत लगेच कुजबुज. "वहिनी, परप्रांतीय आहे, जपून हं." खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. पोलीस पडताळणीचा अर्ज भरला, तो भरायलाच हवा. पण मी तिच्या चहाचा कपही वेगळा ठेवला. कारण काय, तर ती कांदा-लसूण खाते. कपाला कुठे कांदा लागतो!

सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्या 1962 साली सादडीहून लग्न होऊन इथे आल्या. सासऱ्यांचं किराण्याचं दुकान. घरमालकीणबाईंनी वर्षभर त्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत घेतलं नव्हतं. मारवाडी व्याजाने घर खातात म्हणे. "आणि काही जण खातही होते की," सासूबाई म्हणाल्या.

खरे इथले म्हणाल तर वारली, कोळी, भंडारी. 1969 ला तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग एमआयडीसी आली आणि देशभरातून माणसं आली. त्याच केंद्राच्या पुढच्या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यामुळे बाहेरचे आले की आपलं जातं, ही इथली भीती उगाच नाही. पण गावं उठवली ती प्रकल्पाने, पाळीवर जाणाऱ्या मजुराने नव्हे. मे 2020 मध्ये हेच मजूर घेऊन इथून श्रमिक गाड्या सुटल्या, तेव्हा कारखान्यांना त्यांची किंमत कळली. मला ती कळायला खुबा मोडावा लागला.

जपानमध्ये दर दहांत जवळजवळ तीन माणसं पासष्टीच्या पुढची. परक्यांना सहजी न घेणाऱ्या त्या देशानेही वृद्धांच्या सेवेसाठी परदेशी माणसांना वेगळा व्हिसा दिला. आमची मुलंही बाहेरच आहेत. तिकडे कुणी त्यांचा कप वेगळा ठेवत असेल का, असं आता मनात येतं.

ती लोकलने येते, उमरोळीला गाडी रखडली की फोन करते. सासूबाईंचा चौविहार तिला माझ्याहून जास्त सांभाळता येतो. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून उतरलं की ताट तयार. सासूबाई तिला ‘बोईसरवाली’ म्हणतात. त्यांना स्वतःला सासरी ‘सादडीवाळी’ म्हणत.

यंदा संवत्सरीला सासूबाईंनी पलंगावरूनच तिला हात जोडले, "मिच्छामी दुक्कडम्." मीही जोडले. ती गोंधळली. "किस बात का, दीदी?"

कपाचं मी तिला सांगितलं नाही. तो मात्र त्याच संध्याकाळी मांडणीवर इतर कपांत ठेवला.