पाणी किती दिवसाआड?

वाशीमच्या माणसानं परगावी बिऱ्हाड केलं की घरची माणसं किराया नंतर विचारतात, आधी पाण्याचं विचारतात. जर्मनीत श्टुटगार्टला नव्या घराची किल्ली मिळाली त्या संध्याकाळी आईनं फोनवर पहिलं तेच विचारलं, "पानी किती दिवसाआड येते तिथं?" चोवीस तास येतं म्हटल्यावर ती जरा थांबली. मग म्हणाली, "तरी एक गुंडी भरून ठेवत जाय."

या सांगण्यामागे आमचा सगळा मुलूख उभा आहे. वाशीम पठारावर वसलेलं. काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला उतरते आणि पूर्णेतून तापीला मिळते. पैनगंगा दुसऱ्या अंगानं वर्धेकडे आणि पुढे गोदावरीकडे निघून जाते. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस काही अरबी समुद्राला जातो, काही बंगालच्या उपसागराला. आम्हाला तो जाताना दिसतो. शहराची तहान एकबुर्जी धरणावर, आणि धरणाचा जीव मृगापासून पुढच्या नक्षत्रांवर. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलं हेच ते वत्सगुल्म. त्याच्या माहात्म्यात 108 तीर्थं सांगितली आहेत. पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसून आजी ती तीर्थं सांगायची तेव्हा मला वाटायचं, एवढं पाणी होतं तर गेलं कुठं?

उन्हाळ्यात नळ यायचा तो बहुधा अवेळी. आधी तोटीतून नुसती हवा सुसकारायची, त्या आवाजानं आई जागी व्हायची. भरण्याचा क्रम ठरलेला: दुहेरी फडकं बांधून प्यायचा रांजण, मग गुंड्या, मग आंघोळीचा ड्रम, आणि धार बारीक व्हायला लागली की पातेली, गंज, दुधाची किटलीसुद्धा. 1 जुलै 1998ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. नवी कार्यालयं आली, बाहेरगावचे कर्मचारी खोल्या शोधत फिरू लागले. आमचीही मागची खोली किरायानं गेली. आईनं त्या बिऱ्हाडाला किल्ली देण्याआधी नळाचा दिवस सांगितला आणि पहिल्या रात्री आपल्या रांजणातली एक गुंडी त्यांच्या दारात नेऊन ठेवली. अनोळखी माणूस घरातला कसा होतो, हे मी त्या गुंडीवरून शिकले.

इथे जर्मनीत अनामत म्हणून जास्तीत जास्त तीन महिन्यांचा मूळ किराया मागता येतो, आणि राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत घरमालकाचा कागद घेऊन नोंदणी करावी लागते. हे सगळं सुरळीत पार पडलं. मला हलवलं ते स्वयंपाकघरानं. जर्मनीत किरायाचं घर पुष्कळदा अगदी कोरं मिळतं. ओटा नाही, कपाट नाही, छतातून दिव्यांच्या नुसत्या वायरी लोंबताहेत. भिंतीतून दोन टोपण लावलेले नळ बाहेर आलेले आणि खाली सांडपाण्याचं तोंड. बेसिन आपलं आपण आणायचं. ते बसेपर्यंत मी न्हाणीघरातून बादलीनं पाणी आणून तुरीचं वरण शिजवलं. परदेशात येऊन हे काय, असं माझ्या मनात आलं नाही. बादलीची कडी हातात आली आणि त्या परक्या खोलीत कुठे उभं राहायचं ते मला कळलं.

पुढे या शहराच्या पाण्याची चौकशी केली. श्टुटगार्टला स्वतःचं पिण्याचं पाणी पुरत नाही. 1958पासून शहराचं बरंचसं पाणी बोडनझे सरोवरातून येतं: आधी सुमारे 310 मीटर वर चढवून, मग शंभराहून जास्त किलोमीटर नळातून. हे वाचलं त्या दिवशी मला हे गाव आपलं वाटलं. ज्या गावाला पाणी लांबून आणावं लागतं, त्या गावाशी वाशीमचं नातं लागतंच.

या भागात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी असते. आपला आठवडा आला की दारावर पाटी लटकते. गाव स्वच्छ ठेवण्याचा इथला नियम 1492पर्यंत मागे जातो. 1988मध्ये नगरपालिकेनं सक्ती काढली, पण किरायाच्या करारांत पाळी टिकून आहे. माझ्या पहिल्या पाळीला मी अर्ध्या बादलीत दोन मजले पुसले. खालच्या मजल्यावरच्या आजी बघत उभ्या होत्या. मला वाटलं, आता कामाबद्दल बोलणार. त्या म्हणाल्या, त्यांच्या पणजीच्या घरीही असंच चालायचं. श्वेबिश आल्बच्या चुनखडीच्या पठारावरचं गाव. पडलेलं पाणी सगळं जमिनीत मुरायचं, म्हणून छपरावरचं नि डबक्यातलं साठवून वापरायचे. एकोणिसाव्या शतकात खालच्या खोऱ्यांतून पंपानं पाणी वर आलं, तेव्हा कुठे त्या पठारावर नळ दिसले.

जिन्यातच आम्ही बराच वेळ बोललो. मी त्यांना पठाराचं, रांजणाचं, धरणाचं सांगितलं. बेसिन आता बसलंय, ओटाही झालाय, आणि आईनं सांगितलेली गुंडी खिडकीखाली रोज भरलेली असते. जुलै लागला की आजी जिन्यात थांबवून विचारतात, एकबुर्जी किती भरलं.