आधी पाइप, मग डबा

चि. नंदा हिस,


तुझा फोटो मिळाला. काळा प्लॅस्टिकचा डबा, त्याला दोन जाड पाइप आणि एक बारीक, बुडाला ओल. खाली तुझा प्रश्न : ‘मामा, हे काय आहे आणि ह्यातून काय गळतंय?’ अगं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तो डबा काय आहे हा पहिला. ओल त्याचीच आहे का, हा दुसरा. गॅरेजात दोन्ही एका दमात विचारतात आणि मग जिथं ओल दिसली तो पार्ट बदलून गाडी सोडून देतात. मालक पैसे देतो, आठवड्याने ओल पुन्हा हजर.

फोटो तू इतक्या जवळून काढलायस की डब्यावरची धूळ मोजता येईल, पण पाइप चौकटीबाहेर गेलेत. मला पाइप हवेत. कुठून आले आणि कुठं गेले.

त्याआधी एक बघ, हा पार्ट आहे कोणाचा. आमच्या वेळच्या एसटीला चेसिस टाटाची नाहीतर लेलँडची, बॉडी दापोडीच्या किंवा चिकलठाण्याच्या कार्यशाळेतली. नवं काही दिसलं तरी विचारायचं कुणाला ते ठाऊक असायचं. तुझ्यासमोरच्या १२ मीटरच्या एसी कोचमध्ये चेसिस एकाची, बॉडी दुसऱ्याची, एसी तिसऱ्याचा, इंजिनच्या खणातली आग विझवायची यंत्रणा चौथ्याची. शिवाय वाटेत कुठंतरी एखाद्या वायरमननं काहीतरी जोडून दिलेलं असतंच. चेसिसच्या कॅटलॉगात पार्ट सापडला नाही, तर तो बॉडीवाल्याचा किंवा एसीवाल्याचा असेल. कॅटलॉग उघडताना मॉडेलचं नाव घालू नकोस, १७ अक्षरी चेसिस नंबर घाल. एकाच मॉडेलच्या दोन सालांच्या गाड्यांत पार्ट बदललेले असतात. आणि धातूच्या अंगावर ओतीव उठलेला आकडा म्हणजे पार्ट नंबर, असंही धरून चालू नकोस. बरेचदा तो साच्याचा असतो.

आता पाइप. आत काय आहे हे पाइप न उघडताही पुष्कळ सांगून जातो. रंगीत नायलॉनची बारीक नळी असेल तर बहुतेक हवेची. ब्रेक, दरवाजा, सस्पेन्शन, सगळं हवेवरच चालतं. टोकाला पत्रा दाबून बसवलेला जाड होज आणि आट्याचं कपलिंग असेल तर आत मोठा दाब : पॉवर स्टिअरिंग, एसी, किंवा काही मागच्या इंजिनाच्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा फिरवणारं हायड्रॉलिक तेल. आणि साधा रबरी होज नुसत्या क्लिपनं आवळलेला असेल तर आत दाब बेताचाच. तुझ्या फोटोत क्लिपा दिसतात, वायर एकही नाही. म्हणजे हा डबा दाब धरत नाही, काही मोजतही नाही. नुसता काहीतरी वाहून नेतो.

माझा अंदाज असा. जाड पाइपांपैकी एक टॅपेट कव्हरवरून आला असणार, दुसरा टर्बोच्या हवा ओढायच्या बाजूला जात असणार, आणि बारीक नळी खाली ऑइल चेंबरला. तसं निघालं तर तो ब्रीदरचा सेपरेटर आहे. पिस्टनच्या रिंगांशेजारून जळका वायू थोडाफार खाली चेंबरमध्ये उतरतोच, कितीही नवं इंजिन असलं तरी. जुन्या गाड्यांत त्याला वाट म्हणून एक उघडी नळी रस्त्याकडे सोडलेली असायची. प्रत्येक स्टँडवर काळे ठिपके पडायचे ते त्या नळीचेच बरेचसे. आता तो वायू उघड्यावर न सोडता बहुधा टर्बोकडे वळवतात, आणि त्यातले तेलाचे कण वाटेत ह्या डब्यात वेगळे होऊन खाली परत जातात. मात्र हात लावून पाइप टोकापर्यंत गेल्याशिवाय माझं खरं मानू नकोस. मी फोटो बघतोय, गाडी तुझ्यासमोर आहे.

आणि हात लावायच्या आधी एक ऐक, हे मी दरडावून सांगतोय. एअर सस्पेन्शनची गाडी नुसत्या फुग्यांवर उभी असताना तिच्याखाली शिरायचं नाही. फुग्यातली हवा गेली की बॉडी खाली बसते, आणि ती आवाज देऊन बसेलच असं नाही. चाकांना ठोकळे, चेसिसखाली स्टँड, मगच तू खाली. दुसरं, इंजिन चालू असताना डिझेलच्या लाइनवर बोटानं ओल शोधायची नाही. कॉमन रेलमध्ये १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असू शकतो. केसाएवढी फट असली तरी ती धार कातडीतून आत जाते. पुठ्ठा धर. गरम रेडिएटरच्या झाकणाबद्दल तुला आयटीआयमध्ये सांगितलं असेलच.

गळतं काय, ते बोटावर, पांढऱ्या कागदावर आणि नाकानं कळतं. इंजिन ऑइल काळं, क्राऊनचं, म्हणजे डिफरन्शियलचं, तेल दाट आणि गंधकासारखा उग्र वास मारणारं. कूलंट चिकट, पण त्याच्या रंगावर भरवसा नको, कंपनीगणिक हिरवा, गुलाबी, नारिंगी असतो. बीएस-६ गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, आणखी एक द्रव आलाय, युरियाचं पाणी. ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. ते बोटाला तेलकट लागत नाही आणि वाळलं की पांढरे खडे धरतं. एसीचं पाणी तर पावसाळ्यात धो धो पडतं. प्रवासी खाली वाकून बघतात आणि ड्रायव्हरला हैराण करतात. एअर ड्रायर मधेच फिस्स करून ओल थुंकतो तेही त्याचं कामच. त्यात तेल यायला लागलं तर मात्र कॉम्प्रेसरकडे बघायचं.

तुझ्या कोचची अडचण वेगळीच आहे. पुढच्या इंजिनाच्या गाडीत बॉनेट ड्रायव्हरच्या मांडीशी असायचं. तेल सायलेन्सरवर पडलं की वास पहिला त्याला यायचा, डेपोत शिरता शिरता तो ओरडून सांगायचा. कोचचं इंजिन शेपटीला, ड्रायव्हर दुसऱ्या टोकाला काचेमागे एसीत. त्याला ना वास, ना आवाज. गळतीचा पहिला साक्षीदारच गेला. शिवाय पंख्याची हवा आणि गाडीमागचा भोवरा तेल सगळ्या खणात फवारतात. म्हणून सगळ्यात ओली जागा ही गळतीची जागा धरू नकोस. ओलीची सगळ्यात वरची कड शोध, आणि वारा जिकडून येतो ती बाजू. तिथून खाली सगळी वाहवण.

आधी धुऊन काढ. ब्रश आणि डिझेल, मग पाणी, पण अल्टरनेटर आणि वायरिंगच्या सॉकेटवर जेट मारू नकोस. हवेनं सुकव, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मार, इंजिन चालू कर आणि वाट बघ. वाट बघणं कुणाला आवडत नाही. गाडीच्या मालकाला, सेठला, तर मुळीच नाही, गाडी रात्री लाइनला लागायची असते. तरी बघच. पावडरीवर पहिली रेघ जिथं उमटते ते मूळ. एवढ्यानंही नाही कळलं तर तेलात चमकणारा डाय घालून निळ्या बॅटरीखाली बघतात. तुमच्या गॅरेजात आहे का विचार. आणि हेही टिपून ठेव : चालू असताना गळतं की रात्रभर उभी असताना? चालूत गळलं तर मागे दाब आहे. कूलंट पुष्कळदा पहाटेच गळतं, गार होऊन होज आकसला की क्लिप सैल पडते.

समजा रेघ डब्याच्या झाकणालाच उमटली. तुझा फोरमन म्हणेल, सिलिकॉन मार आणि सोड. तसं करू नकोस. झाकणातून तेल बाहेर येतंय म्हणजे बहुधा आत दाब वाढलाय. ही वाट बुजवलीस तर तो दाब डिपस्टिकमधून नाहीतर क्रँकच्या मागच्या सीलमधून बाहेर पडेल, आणि ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दाब का वाढला ते शोध. फिल्टर असेल तर तो तुंबलाय का बघ, मग परतीची बारीक नळी. दोन्ही स्वच्छ असतील तर जास्तीचा वायू कुठून येतोय? रिंगा झिजल्या असतील, टर्बोचं सील गेलं असेल, किंवा हवेचा कॉम्प्रेसर. हा तिसरा कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे : ब्रीदरला दाबाचा गेज लाव, हवेची टाकी भरू दे. टाकी भरून ड्रायरनं फिस्स केलं की कॉम्प्रेसरवरचा भार सुटतो. त्याच क्षणी गेजचा काटा खाली आला, तर इंजिन खोलायची भाषा कुणाला करू देऊ नकोस, आधी कॉम्प्रेसर उतरव.

काटा हलला नाही तर मला फोन कर. आणि फोटो दोन पावलं मागे सरकून काढ.

तुझा,
मामा

ता. क. गेज मागितलास की फोरमन हसेल. हसू दे, पण ते माप जॉबकार्डावर लिहून त्याची सही घे.