कां मारलें?

कपाळावरचें कुंकू हें सौभाग्याचें लक्षण, असें आमच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितलें गेलें. तेंच एखाद्या परक्या गांवीं मार खाण्याचें लक्षण होईल, हें कोणाच्या आजीस स्वप्नांतहि आलें नसेल. १९८७ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, जर्सी सिटी या शहरीं, तसें झालें. तेथील वर्तमानपत्रास एक निनांवी पत्र आलें. लिहिणारांनीं आपल्या टोळीस ‘डॉटबस्टर्स’, म्हणजे टिकली फोडणारे, असें नांव घेतलें होतें. भारतीयांस या शहरांतून हुसकून लावण्यासाठीं वाटेल त्या थरास जाऊं, टेलिफोनच्या यादींत पटेल हें आडनांव पाहून घरें हुडकूं, असा त्यांतील मजकूर होता. पत्र छापलें गेलें, आणि पुष्कळ स्त्रियांनीं बाहेर पडतांना टिकली लावणें सोडलें.

त्याच वर्षीं २७ सप्टेंबरला शेजारच्या होबोकेन येथें नवरोज मोदी या तीस वर्षांच्या तरुणास कांहीं पोरांनीं इतकें मारलें कीं, चार दिवसांनीं तो वारला. मोदी जातीनें पारशी. बँकेंत चांगल्या हुद्द्यावर असलेला हा तरुण टिकली लावणारांपैकीं खासच नव्हता. पण द्वेष करणाऱ्यास अशा बारकाव्यांशीं कर्तव्य नसतें. त्याच्याबरोबरच्या गोऱ्या मित्रास मात्र इजा झाली नाहीं. १९८९ सालीं चौघांस शिक्षा झाली, ती मारहाणीबद्दल, खुनाबद्दल नव्हे. मोदीस तो भारतीय म्हणून मारलें, हें त्या निकालांत कोठेंच ठरलें नाहीं. मार किती बसला याची नोंद झाली. तो कां बसला याची झाली नाहीं.

यावर कोणी सहज विचारील कीं, मारल्याबद्दल शिक्षा झाली ना? मग मनांतला द्वेष कायद्यानें कशाला मोजायचा? प्रश्न अगदींच पोरकट नाहीं. परंतु पाकीटमारानें एका वाटसरूस मारलें तर भय त्या वाटसरूपुरतें राहतें. आडनांव पाहून एकास मारलें कीं त्या आडनांवाचीं सर्व घरें संध्याकाळीं दारें लावून घेतात. मार एकाच्या अंगावर, धाक हजारांस, असा हा गुन्हा आहे. आणि त्याच्या त्या दुसऱ्या अर्ध्याचें माप घ्यावयास साधा फौजदारी कायदा अपुरा पडतो.

जर्सीतील आमच्या लोकांस हें उमजावयास वेळ लागला असेल, तर त्यांत नवल नाहीं. दुकान, दवाखाना, कारखान्यांतील नोकरी सांभाळून मान खालीं घालून राहणारा तो समाज. सभेंत उभें राहण्यापेक्षां त्याला हिशेबाची वही बरी! पण तो उठला. कोलंबिया विद्यापीठांतील भारतीय विद्यार्थ्यांच्या एका मंडळानें झालेल्या हल्ल्यांची नोंद जमविली, जर्सी सिटींतील एका शाळेंत मुलांस व शिक्षकांस दक्षिण आशियाची ओळख करून देण्याचे वर्ग चालविले, आणि कायद्यासाठीं खटपट केली. १९९० सालीं द्वेषमूलक गुन्ह्यांची शिक्षा वाढविणारा कायदा त्या राज्यांत झाला. तो निर्दोष होता असें नाहीं. द्वेषाचा हेतु न्यायाधीशानें एकट्यानें ठरवून शिक्षा वाढवावी, ही त्यांतील रीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं घटनाबाह्य ठरविली व तो प्रश्न पंचांपुढें जावा असें सांगितलें. तेव्हां राज्यानें कायदा नव्यानें रचला. दोष निघाला म्हणून कायदाच नको, असें तेथें ठरलें नाहीं.

हें शेवटचें वाक्य मीं मुद्दाम लिहिलें आहे. कारण त्याच १९९० च्या ३० जानेवारीस आपल्या देशांतहि अशाच जातीचा एक कायदा अंमलांत आला. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांस आळा घालणारा १९८९ चा हा कायदा लोक ‘अ‍ॅट्रॉसिटी’ या एका शब्दानें ओळखतात, आणि आमच्या वर्गांत तो शब्द बहुधा कपाळास आठी घालूनच उच्चारला जातो. भंडारा जिल्ह्यांतील खैरलांजी येथें २९ सप्टेंबर २००६ रोजीं एका दलित कुटुंबांतील आई, मुलगी व दोन मुलगे मारले गेले. २००८ सालीं भंडाऱ्याच्या न्यायालयानें आठ जणांस दोषी धरलें. पण हा कायदा तेथें लागू केला नाहीं. पुढें नागपूरच्या खंडपीठानेंहि हत्येचें मूळ सुडांत पाहिलें, जातींत नव्हे. होबोकेनची आठवण होते ती येथें.

२० मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, गैरवापर होतो म्हणून, या कायद्याखालील अटकेस पूर्वपरवानगीची अट घातली. त्याच वर्षीं संसदेनें दुरुस्ती करून ती काढली, आणि २०२० सालीं न्यायालयानेंहि ती दुरुस्ती मान्य केली. पण मी सांगतों ती गोष्ट या दोहोंमधल्या दिवसांची. कायदा होता तसा राहावा, असें एक निवेदन घेऊन मी आमच्या सोसायटींत बिऱ्हाडोबिऱ्हाडीं हिंडलों. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात. ऐन त्या धामधुमींत ते न्यू जर्सींत होते. तेथील कायद्यासाठीं आपण वर्गणी कशी दिली, हें त्यांनीं मला अनेकदां अभिमानानें सांगितलेलें.

निवेदन वाचून त्यांनीं चष्मा काढला. “सर, खून तो खून, मारहाण ती मारहाण. त्याला जात कशाला चिकटवायची? आणि खोट्या फिर्यादी किती होतात!”

खोट्या फिर्यादी कोणत्या कलमाखालीं होत नाहींत, असें मीं विचारलें. फसवणुकीचें कलम रद्द करा, असें कोणी म्हणत नाहीं. जर्सीचीहि आठवण दिली. “तें निराळं,” असें म्हणून ते आंतल्या खोलींत गेले. काय निराळें, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. मींहि त्या वयाच्या गृहस्थांस अधिक छेडलें नाहीं.

काकू चहाचे कप घेऊन दारांत उभ्या होत्या. कप ठेवून त्यांनीं कागद ओढून घेतला.

“पेन द्या. मी दोन वर्षं टिकलीचं पाकीट पर्समधें घालून हिंडले. दुकानांत जातांना काढायची, घरीं येतांना जिन्यांत लावायची.”

सही करून त्यांनीं चहा थंड होईल असें बजावलें. त्या दिवशीं चाळीस बिऱ्हाडांतून अकरा सह्या मिळाल्या, काकूंची सातवी.